रिमोटच्या रिसीव्हरला रेग्युलेटर कोणता लावावा?

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाच व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी, मागितला, की बहुतेक वेळा ७८०५च हातात पडतो. रिमोटवर दिवा लावायच्या घरगुती सर्किटमध्ये तो चालतोही, पण प्रत्येक ठिकाणी नाही.

आधी रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचा इन्फ्रारेड सिग्नल पकडणाऱ्या भागाची, गरज बघा. टीएसओपी १७३८ या रिसीव्हरला ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात, टीएसओपी ३८२३८ ला २.५ व्होल्टही पुरतात. दोघंही सहसा एक मिलिअँपिअरच्या आत भागवतात. त्यामुळे रेग्युलेटर किती अँपिअरचा, याला इथे फारसा अर्थ नाही. तो स्वतः किती करंट खातो, सप्लाय किती स्वच्छ देतो आणि त्याच लाइनवर आणखी काय लटकवलंय, हे महत्त्वाचं.

सर्किट ९ व्होल्टच्या बॅटरीवर असेल तर ७८०५ नको. काही काम नसतानाही तो सुमारे ५ मिलिअँपिअर पितो. साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची अल्कलाइन बॅटरी चार दिवसांत बसते, आणि बॅटरी ७ व्होल्टच्या खाली गेली की त्याचं आउटपुटही ढासळतं. त्याऐवजी पाच व्होल्टचा एलपी २९५० घ्या. तो स्वतःसाठी जेमतेम ७५ मायक्रोअँपिअर घेतो आणि इनपुट साडेपाच व्होल्टपर्यंत उतरलं तरी टिकतो. एकटा रिसीव्हर जोडला तर तीच बॅटरी महिनाभर सहज जाते. आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र हवाच, नाहीतर हा आयसी ऑसिलेट होतो, म्हणजे त्याचं आउटपुट स्थिर न राहता डोलत राहतं.

ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या सर्किटला ७८०५ चा छोटा भाऊ ७८एल०५ उत्तम, पण त्याच लाइनवर रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) असेल तर हिशोब करा. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर यांच्यानंतर ११ व्होल्टच्या आसपास मिळतात. पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअर ओढते. म्हणजे रेग्युलेटरवर (११ − ५) × ०.०७, जवळजवळ ०.४ वॅट. ७८एल०५ च्या एवढ्याशा टीओ-९२ पॅकेजला (प्लॅस्टिकच्या खोक्याला) ते फार होतं, पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी तर बोट टेकवत नाही. अशा वेळी ७८०५ घ्या, हीटसिंकही लागत नाही. त्याहून बरं म्हणजे १२ व्होल्टचा सप्लाय आणि १२ व्होल्टचा रिले घेऊन कॉइल रेग्युलेटरच्या आधीच जोडा आणि कॉइलवर उलटा डायोड टाका. मग ७८एल०५ गारच राहतो.

पायांची अदलाबदल ही नेहमीची चूक. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर ७८०५ मध्ये डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७८एल०५ मध्ये बरोबर उलट: आउटपुट, ग्राउंड, इनपुट. रिसीव्हरचंही तसंच. १७३८ चा पहिला पाय ग्राउंड, ३८२३८ चा पहिला पाय आउटपुट. एकाच्या जागी दुसरा बसवू नका.

स्विचिंग मॉड्यूल, म्हणजे करंट वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारं सर्किट, शक्यतो टाळा. एमसी ३४०६३ सारख्या आयसीची फ्रीक्वेन्सी कपॅसिटरवर ठरते आणि ती रिमोटच्या सिग्नलच्या ३८ किलोहर्ट्झच्या जवळ आली, की सप्लायमधला रिपल (व्होल्टेजचा चढउतार) रिसीव्हरला सिग्नलसारखाच दिसतो. मग रिसीव्हर आपला गेन (संवेदनशीलता) आपोआप कमी करतो आणि रिमोट अगदी जवळ नेल्याशिवाय दाद मिळत नाही.

रेग्युलेटर कोणताही असो, रिसीव्हरच्या सप्लायमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाका आणि त्याच्या पायांलगत ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडा. रिसीव्हरच्या करंटने या रेझिस्टरवर सहसा ०.१ व्होल्टही पडत नाही. मात्र इंडिकेटर एलईडी या रेझिस्टरच्या पुढे जोडू नका. तिचे १० मिलिअँपिअर तिथेच एक व्होल्ट खातात आणि १७३८ ला चारच व्होल्ट उरतात.

रिमोट न दाबताच आउटपुट फडफडत असेल, तर रिसीव्हरच्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी दुहेरी लावा. फडफड थांबली तर दोष उन्हाचा किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइटचा. सुरूच राहिली तर सप्लाय काढून चार्ज केलेले चार रिचार्जेबल एए सेल एकापुढे एक जोडून थेट लावून बघा. सेलवर गप्प बसला, तर रेग्युलेटर किंवा त्याच्या मागचा अडॅप्टर बदला.