इंडेक्स फंडातले पैसे मार्केट पडल्यावर वाचवायचे असतील तर मार्केट पडायच्या आधी काय करून ठेवायचं

आधीच सांगून टाकते, इंडेक्स फंड पडायचा थांबवता येत नाही. निफ्टी (देशातल्या 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक) पडला की त्याची नक्कल करणारा फंडही तेवढाच पडणार, त्याचं कामच ते आहे. आपल्याला सांभाळायचं एवढंच की तो खाली असताना आपल्यावर विकायची पाळी येऊ नये. हे मला फुकट नाही कळलं.

23 मार्च 2020, सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू, थाळ्या वाजवून झालेल्या, आणि सोमवारी निफ्टी एका दिवसात 13 टक्के खाली. जानेवारीत माझे फंडात 6,20,000 दिसत होते, ते 3,90,000 च्या आसपास आले. त्यातच नवऱ्याच्या ऑफिसातून कळलं की पगार अर्धाच होणार, आणि घराचा हप्ता तर पूर्णच जाणार होता. दुपारी पावणेतीनला, म्हणजे त्या दिवसाचा भाव मिळायची तीनची कटऑफ गाठायची म्हणून घाईघाईनं, किचनच्या ओट्याशी उभी राहून मी अर्धे युनिट्स (फंडातले हिस्से) विकून टाकले. 1,95,000 मिळाले. सप्टेंबरमध्ये तेच युनिट्स परत घ्यायला 2,90,000 लागत होते, आणि नोव्हेंबरात तर निफ्टीनं जुना हायच मोडला. नवरा म्हणे, "काहून विकले बे तू?" आता काहून म्हणजे काय, बँकेत 22 हजार होते!

म्हणून पहिलं काम फंडाचं नाहीच, बँकेचं आहे. सहा महिन्यांचा खर्च (हप्ता, फी, किराणा, आईबाबांची औषधं सगळं धरून) सेव्हिंग, एफडी नाहीतर लिक्विड फंडात (पैसे लवकर परत मिळतात असा कमी जोखमीचा फंड) वेगळा पाहिजे. कारण मार्केट पडतं आणि नोकरी जाते हे बरेचदा एकाच वेळी होते, 2008 ला पण झालं, 2020 ला पण. मेडिक्लेमही कंपनीच्या भरवशावर सोडू नका, नोकरी गेली की तो पण जातो. आणि पाव-अर्धा टक्का जास्त मिळून राहिला म्हणून सगळी एफडी गल्लीतल्या पतसंस्थेत टाकू नका, बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंत ठेवीचा विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो.

दुसरं, पैसे कधी लागणार ते लिहून काढा. माझा हिशोब असा की सात वर्षांच्या आत लागणारा रुपया नव्यानं इंडेक्स फंडात टाकायचा नाही. लोक 2020 चं उदाहरण देतात, आठ महिन्यांत सगळं भरून निघालं वगैरे, पण 2008 बघा ना. जानेवारीत 6,300 च्या वर असलेला निफ्टी ऑक्टोबरपर्यंत अडीच हजारांच्या आसपास आला, नोव्हेंबर 2010 मध्ये परत 6,300 ला टेकला, पुन्हा घसरला, आणि ते शिखर नीट पार व्हायला 2013 संपत आलं होतं. जवळजवळ सहा वर्षं! ज्यांना मधेच पोरीच्या लग्नाला पैसे लागले असतील त्यांचं काय झालं असेल विचार करा.

आता मेन गोष्ट, वाटणी. समजा 10 लाख आहेत, त्यातले 7 इंडेक्स फंडात आणि 3 डेटमध्ये (म्हणजे शेअर नाही, व्याजावर चालणारं: एफडी, पीपीएफ, ईपीएफ, डेट फंड, सगळं धरून). मार्केट 40 टक्के पडलं तर 7 चे 4.20 होतात, डेटचे 3 तसेच, एकूण 7.20. म्हणजे तुम्ही 40 नाही, 28 टक्के पडलात. आता वाटणी परत 70-30 करायची, 7.20 चे 70 टक्के म्हणजे 5.04, तेव्हा डेटमधून 84 हजार काढून इंडेक्समध्ये टाकायचे. भीती वाटते, बातम्यांत लाल पट्ट्या फिरून राहिलेल्या असतात, पण स्वस्तात घेणं ते हेच. एकच काळजी घ्या, डेटचे सगळे 3 लाख पीपीएफ-ईपीएफमध्ये अडकलेले असले तर हे 84 हजार आणणार कुठून? पीपीएफ 15 वर्षांचं आहे, मधे सहज हात लावता येत नाही. निदान अर्धं डेट तरी लवकर मोकळं होईल असं ठेवा.

ही वाटणी रोज बघायची नाही. मी वर्षातून एकदा बघते, मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा. खरंच. मिरवणूक बघून, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडून घरी आलं की लॅपटॉप उघडायचा. इंडेक्सचे 70 टक्के 75 च्या वर किंवा 65 च्या खाली गेले असले तरच हलवायचं, नाहीतर बंद करून पाटवडी खायची. मार्केट वर गेलं असेल तर विकण्याआधी नवी एसआयपी (दरमहा फंडात जाणारी ठरलेली रक्कम) काही महिने डेटकडे वळवून बघा, विकलं नाही तर टॅक्सचा प्रश्नच येत नाही.

पैसे लागायची वेळ जवळ आली की मात्र हळूहळू बाहेर निघायचं. आमची पोरगी आठवीत गेली तेव्हापासून तिच्या शिक्षणाच्या फंडाचा पाचवा हिस्सा दरवर्षी काढून एफडीत टाकून राहिली मी, म्हणजे बारावीपर्यंत सगळे बाहेर. याचा टॅक्समध्ये पण फायदा आहे, एक वर्षापेक्षा जुन्या युनिट्सवर एका आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंतचा नफा माफ आहे, त्यावरच्या नफ्यावर 12.5 टक्के. एकाच वर्षी सगळं विकलं तर ही माफी एकदाच मिळते, पाच वर्षांत विकलं तर पाचदा. आपल्याला आठवण राहत नसेल तर एसटीपी (एका फंडातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम आपोआप हलवायची सोय) लावून द्या, पण ती एकाच फंड हाउसच्या आत होते आणि तिचा प्रत्येक हप्ता विक्रीच धरतात. रिटायर होणाऱ्यांनी दोन-तीन वर्षांचा खर्च एफडी किंवा सिनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवूनच बाकीचं इंडेक्समध्ये राहू द्यावं.

काही लोक सांगतात मिडकॅप-स्मॉलकॅपचे (मध्यम आणि छोट्या कंपन्यांचे) इंडेक्स पण घे, डायव्हर्सिफिकेशन होते. वाढीसाठी घ्या, पण ते संरक्षण नाही, पडताना ते बहुतेक निफ्टीपेक्षा जास्त आपटतात. सोनं थोडं चालते, 5-10 टक्के, ईटीएफमध्ये (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड), दागिन्यात नाही (सासूबाईंना हे पटलेलं नाही). आणि पुट ऑप्शन (मार्केट पडलं तर भरपाई देणारा, ठरलेल्या मुदतीचा करार) घेऊन हेज कर म्हणणारा एक तरी भाऊ ऑफिसात असतोच, त्याला विचारा दर एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपली की, नवा प्रीमियम कोण भरणार. कंपनी बुडेल ही भीती एकेका शेअरला असते, इंडेक्स आपला कचरा आपणच काढतो, सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा जानेवारी 2009 मध्ये बाहेर आला आणि त्याच महिन्यात ती निफ्टीतून बाहेर गेली.

शेवटचं काम कागदाचं. मार्केट शांत असताना एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माझ्या कागदावर चारच ओळी आहेत: हे पैसे 2034 ला लागणार. एसआयपी बंद करायची नाही. विकावंसं वाटलं तर दोन रात्री झोपायचं. आधी एफडी मोडायची. सप्टेंबर 2024 मध्ये 26,277 ला गेलेला निफ्टी 7 एप्रिल 2025 ला 22,000 च्या खाली आला, तेव्हा सकाळी साडी काढायला कपाट उघडलं तर हाच कागद समोर. साडी काढली, दार लावलं, फोन घरीच विसरून ड्युटीवर गेली.