बालगृहातून परतताना: निरोपापासून पुढच्या वर्षभरापर्यंत

ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, युवक संघ किंवा महिला मंडळ एखाद्या बालगृहात सेवेला जायचं ठरवतं, तेव्हा तयारी महिनाभर आधी सुरू होते. गाणी बसवली जातात, पपेट शिवले जातात, स्वेटर आणि खाऊ गोळा होतो, गाडी ठरते. परत कसं यायचं, यावर मात्र एकही बैठक होत नाही. खरं तर चुका तिथेच होतात. निरोप घाईत उरकला जातो, फोटो चारी दिशांना पसरतात, दिलेले शब्द जूनपर्यंत विसरले जातात. म्हणून जाण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत अर्धा तास परतीसाठी राखून ठेवा आणि पुढची कामं तेव्हाच नावानिशी वाटून द्या.

एक गोष्ट आधीच सगळ्यांच्या कानावर घाला. आपण 'अनाथाश्रम' म्हणतो, पण तिथल्या बहुतेक मुलांना आई, वडील किंवा जवळचं कुणी तरी असतं. गरिबी, आजारपण, व्यसन, ऊसतोडीसाठीचं स्थलांतर, आईचं दुसरं लग्न, अशा कारणांनी मूल तिथे आलेलं असतं. त्यामुळे 'याला कुणीच नाही' हे वाक्य मुलासमोरही बोलू नये आणि घरी आल्यावरही बोलू नये.

निरोप

आदल्या दिवशी जेवणानंतर मुलं एकत्र बसलेली असतात, तेव्हा अधीक्षकांनी किंवा गृहमातेने सांगावं: पाहुणे उद्या सकाळी दहाला निघतील, गाडी फाटकाजवळ उभी असेल. वेळ आणि जागा दोन्ही सांगायच्या. मुलं झोपलेली असताना किंवा शाळेत गेल्यावर गुपचूप निघून जाणं मोठ्यांना सोपं वाटतं. पण यातल्या कित्येकांच्या आयुष्यातून घरचं माणूस असंच एका सकाळी न सांगता गेलेलं असतं. तो अनुभव आपण पुन्हा द्यायचा नाही.

तीन-चार वर्षांची मुलं पहिल्या तासातच अंगाला बिलगतात, हात सोडत नाहीत. पाहुण्यांचं मन भरून येतं. पण कायम जवळ राहणारं एक माणूस ज्याला मिळालेलं नाही, ते मूल अनोळखी माणसाकडेही असंच झेपावतं. त्याची ती भूक खरी आहे, आणि चार दिवसांचा पाहुणा ती भागवू शकत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी कडेवर घेणं हळूहळू कमी करा. गाडीत बसण्याच्या किमान अर्धा तास आधी प्रत्येक लहान मूल त्याच्या रोजच्या ताईच्या किंवा गृहमातेच्या हातात द्या. आपण निघताना ते तिच्या कडेवर असलं पाहिजे, गाडीच्या दारात नव्हे.

निरोपाचा कार्यक्रम पंधरा मिनिटांचा ठेवा: एक गाणं, एक लहान प्रार्थना, टाटा. मोठ्यांनी मुलांसमोर हुंदके देऊन रडू नये. डोळे भरून आले तर हरकत नाही, पण मोठ्या माणसाचं सांत्वन करायचं ओझं मुलावर पडू नये.

'मी परत येईन', 'तुला आमच्या घरी नेईन', 'नाताळला सायकल आणतो' ही वाक्यं बंद. त्याऐवजी खरं असेल तेच म्हणा: 'तुझ्याबरोबर कॅरम खेळायला मला खूप आवडलं. आता आम्ही पुण्याला जाणार. तू ताईंजवळ राहणार.' मूल विचारतंच, 'परत कधी येणार?' त्याला उत्तर: 'ते अजून ठरलं नाही. ठरलं की ताईंना कळवू.' आठवी-नववीतली मुलं-मुली फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामची ओळख मागतात. प्रेमाने नाही म्हणा आणि पत्र संस्थेच्या पत्त्यावर येईल असं सांगा.

एकट्या मुलाला वेगळी भेट देऊ नका. गाडी वळणावर दिसेनाशी होण्याआधीच त्याला दिलेलं घड्याळ मोठ्या मुलाच्या हातात गेलेलं असतं, आणि रात्री त्यावरून मारामारी होते. उरलेलं सामान यादी करून अधीक्षकांच्या ताब्यात द्या. यादीच्या दोन प्रती, दोन्हींवर सही. औषधांच्या फोडलेल्या पट्ट्या मागे ठेवू नका.

परतीच्या गाडीतच: फोटो

घरी पोहोचेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण स्टेटस गाडीतूनच लागतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अधीक्षकांनी 'काढा हो फोटो' म्हटलं म्हणून तो सगळीकडे टाकण्याची मुभा मिळत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी कारण पुरेसं आहे. कौटुंबिक हिंसेमुळे किंवा लैंगिक अत्याचारामुळे संस्थेत आणलेल्या मुलीचा ठावठिकाणा ज्या माणसापासून लपवलेला असतो, त्याच्याही हातात फोन असतो.

रीत अशी ठेवा. एका जबाबदार व्यक्तीकडे सगळे फोटो जमा करा. तिने चेहरा, शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, संस्थेची पाटी आणि फळ्यावर लिहिलेली नावं पाहून निवड करावी. पाठमोरी मुलं, रंगाने माखलेले हात, स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं, सभागृह, असे फोटो पुरतात. बाकीचे सगळ्यांनी आपापल्या फोनमधून काढून टाकावेत. इथे हमखास गडबड होते ती अशी: गॅलरीतून पुसलेला फोटो कचरापेटीत पडून राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस, तर आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस. कचरापेटीही रिकामी करा. कुटुंबाबरोबर सामायिक अल्बम असेल तर तिथेही पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यातली ठिकाणाची माहिती तशीच पुढे जाते. चेहऱ्यावर स्टिकर लावून खाली नाव लिहिणं निरर्थक आहे.

मंडळीत साक्ष देताना

रविवारच्या उपासनेत साक्ष मागितली जाते, म्हणजे सेवेचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला लावतात. सात-आठ मिनिटं, एकच वक्ता, मजकूर आधी लिहून पाळकांना दाखवलेला. कसोटी एकच लावा: ते मूल पहिल्या बाकावर बसलं असतं तर हे वाक्य उच्चारलं असतं का? 'तिच्या बापाने तिला विकलं होतं' हे अशा वेळी तोंडातून निघणार नाही. संस्थेत काय काम चालतं, गृहमाता पहाटे किती वाजता उठतात, कशाची गरज आहे, हे सांगा. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथांच्या शेजारी विधवांचाही उल्लेख आहे. मूल संस्थेत येऊ नये म्हणून त्याच्या विधवा आईला आधार देणं हेही तेच काम आहे, हे साक्षीत आवर्जून यावं.

'इतक्या मुलांनी प्रभूला स्वीकारलं' असे आकडे देऊ नका. संस्थेतल्या मुलांच्या कुटुंबांचे धर्म वेगवेगळे असतात, ती आपल्यावर अवलंबून असतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरातच्या कायद्यांत अल्पवयीनांच्या धर्मांतराला जादा कडक शिक्षा आहे, आणि तुमच्या एका व्हिडिओमुळे तिथल्या संस्थेचं काम बंद पडू शकतं.

अंगाला खाज, डोक्यात उवा, ताप

बरेच जण लाजेने याबद्दल बोलत नाहीत आणि मग अख्खं घर खाजवत बसतं. खरूज पहिल्यांदाच झाली असेल तर खाज लगेच सुरू होत नाही, दोन ते सहा आठवड्यांनी होते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज दिसली की डॉक्टरांकडे जा. नेहमीचा उपाय परमेथ्रिन ५ टक्के क्रीम: रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, आठ ते चौदा तास ठेवून आंघोळ, सात दिवसांनी पुन्हा एकदा. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उपाय फसतो तो दोन कारणांनी. एक, घरातल्या एकानेच क्रीम लावलं. लावायचं सगळ्यांनी, एकाच रात्री, खाज नसली तरी. दुसरं, किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, आणि लोक गुण आला नाही समजून रोज क्रीम चोपडतात, कातडी सोलवटते. चादरी, टॉवेल, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धुता न येणारं सामान प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस ठेवा.

गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागातून आला असाल तर महिनाभरात आलेला कुठलाही ताप अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना न विचारता सांगा. हिवतापाचा एक प्रकार काही महिन्यांनीही उलटतो. कांजण्या २१ दिवसांपर्यंत उमटू शकतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

काही खटकलं असेल तर

मुलाच्या अंगावर वळ, एखाद्या कर्मचाऱ्याला पाहून दबकणारी मुलगी, पाहुण्यांसमोर भीक मागायला लावलेली मुलं, असं काही दिसलं असेल तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. मुलाला खोदून विचारू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर किंवा त्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी पाळकांशी बोलू, मंडळीत चर्चा करू' यात वेळ घालवायचा नाही. संस्था आपल्याच पंथाची असली तरी नाही.

संस्थेची बाल न्याय कायद्याखाली कलम ४१ ची नोंदणी आहे का, हे खरं तर जाण्याआधीच विचारायचं असतं. राहून गेलं असेल तर आता विचारा. उत्तर टाळलं गेलं तर पुढची देणगी थांबवा आणि समितीला कळवा.

हिशेब

पंधरा दिवसांत जमा-खर्च मंडळीच्या समितीपुढे ठेवा: गाडीभाडं, डिझेल, खाऊ, साहित्य, बिलांसह. मुलांसाठी म्हणून मागितलेल्या पैशातून प्रवास झाला असेल तर तो आकडा लपवू नका. उरलेली रक्कम संस्थेच्या बँक खात्यावर भरा, रोख देऊ नका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर प्राप्तिकराची वजावटही मिळत नाही.

ही बातमी ऐकून अमेरिकेतले किंवा आखातातले नातेवाईक पैसे पाठवू म्हणतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. ती फक्त एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यावर देता येते. तुमच्या खात्यावर घेऊन पुढे पाठवणं हा बेकायदा मार्ग आहे.

मन ताळ्यावर यायला

पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होते. घरच्या मुलांनी ताटात भाजी टाकली की राग उसळतो, लग्नातला खर्च पाहवत नाही. घरच्यांना भाषण देऊ नका. दहाव्या दिवसाच्या सुमारास सगळ्या गटाची दीड तासाची बैठक पाळकांबरोबर ठेवा. प्रत्येकाने एवढंच बोलावं: काय पाहिलं, काय झेपलं नाही, कोणता शब्द देऊन बसलो. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. दिलेल्या शब्दांची यादी तिथेच होते आणि ते कसे निभवायचे ते संस्थेशी बोलून ठरवता येतं. झोप उडणं, सतत रडू येणं दोन आठवड्यांनंतरही टिकलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.

'ती मुलगी आम्हाला द्या'

जवळजवळ प्रत्येक गटातलं एखादं जोडपं हे म्हणतं. हेतू चांगला असतो, पण आवडलेलं मूल निवडून दत्तक घेता येत नाही. बाल कल्याण समितीने दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केलेलं मूलच दत्तक जातं. नोंदणी कारा या केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवर करायची, तीही देशभरच्या प्रतीक्षा यादीत. हिंदू दत्तक कायदा १९५६ ख्रिस्ती कुटुंबांना लागू नाही. आपला रस्ता बाल न्याय कायद्याचा. पाळकांच्या चिठ्ठीवर किंवा नोटरीच्या कागदावर मूल घरी आणलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तान्ह्या बाळांसाठी रांग मोठी असते, मोठ्या वयाची मुलं आणि भावंडांच्या जोड्या मागे राहतात. मनापासून तयारी असेल तर तिकडे पाहा.

पुढचं वर्ष

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या, आणि दौंडजवळच्या केडगावला त्यांच्याबरोबरच १९२२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, राहिल्या. तेवढं सगळ्यांना जमणार नाही. पण वर्षभराची कामं ठरवता येतात. तीन महिन्यांनी एक, अशी चार पत्रं, गटाच्या नावाने, सगळ्या मुलांना उद्देशून, संस्थेच्या पत्त्यावर. दर महिन्याला ठरावीक रक्कम, छोटी असली तरी न चुकता. गृहमातेचा पगार आणि वीजबिल यांना कुणी देणगीदार मिळत नाही, त्यासाठी द्या. आपल्याच वस्तीत एकटी आई मूल संस्थेत ठेवायच्या विचारात असेल तर तिला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्या. महाराष्ट्रात दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि मूल घरी राहतं.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ती अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलं-मुली. एका वाढदिवसाला संस्थेचं छप्पर सुटतं. कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, पण भाड्याची खोली, डिपॉझिट, बँक खातं, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला नीट इस्त्रीचा शर्ट, यासाठी त्यांना कुणीतरी जवळचं लागतं. अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढलं तर महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षणाचा लाभ मिळतो. ते काढण्यासाठी महिला व बालविकास कार्यालयाच्या फेऱ्या मारणारं माणूस मंडळीतून एक जरी मिळालं तरी संस्थेला हवंच असतं. अधीक्षकांना फोन करून विचारा: यंदा कोण अठरा पूर्ण करतंय, आणि कधी?