वाचन प्रेरणा दिनाला शाळेत जाताना पिशवीत काय काय भरायचं

१५ ऑक्टोबर जवळ आला की शाळेतून फोन येतोच, "ताई, पहिली-दुसरीला एक तास घ्याल का?" हो म्हणा, पण फोन ठेवायच्या आधी पट विचारून घ्या. गंमतीदार प्राण्यांची चित्रपुस्तकं पटाच्या निम्मी तरी हवीत, दोघांत एक. वाचून दाखवायला एक पुरतं, पण मुलांच्या हातात द्यायला पुरत नाही. गेल्या खेपेला मी एकच घेऊन गेले होते. मुलं हसून लोळली, मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघाले. त्या तासाला वाचलं फक्त मी.

तर जादा पुस्तकं. नॅशनल बुक ट्रस्टची (एनबीटी) नेहरू बालपुस्तकालय माला, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, जे मिळेल ते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात आणि छापायलाही परवानगी आहे. तिथे पुस्तकांना पातळ्या दिलेल्या असतात. पहिलीसाठी पहिल्याच पातळीचं घ्या. एका पानावर एकदोन ओळी, जोडाक्षरं जवळजवळ नाहीत, असं. छापताना पैसे वाचवायला काळं-पांढरं काढणार असाल तर आधी गोष्ट बघा. सरड्याची गंमत रंगातच असते, करड्या कागदावर तो नुसता सरडा. शाळेत टीव्ही आहे म्हणून पडद्यावर दाखवू, हा विचार मनातही आणू नका. टीव्ही घरी नेता येत नाही.

निवड करताना म्हैस, बोकड, कोंबडा, मांजर यांना झुकतं माप द्या. म्हैस कशी वागते हे पोरांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती छत्री घेऊन निघाली की हसू फुटतं. पेंग्विनवरही हसतात, पण चित्रातल्या रूपाला, गोष्टीतल्या विनोदाला नाही. आणखी एक बघा: पानापानावर तीच ओळ परत येते का? येत असेल तर तिसऱ्या पानापासून न वाचता येणारी मुलंही ती तुमच्याबरोबर म्हणतात, आणि मग पुस्तक हातात आलं की बोट ठेवून तीच ओळ शोधतात. पुस्तक हातात आलं तर. शेवटी तात्पर्य छापलेली पुस्तकं घरीच ठेवा. हत्तीच्या जाडेपणावर, गाढवाच्या मठ्ठपणावर बेतलेलीही नकोत. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गातल्या कुणाला तरी ते नाव चिकटलेलं असतं, आणि ते वर्षभर निघत नाही.

घरी एकदा मोठ्याने वाचा, पुस्तक खांद्याशी धरून, पानं समोरच्याकडे करून. तिरकं बघत वाचायची सवय लागते. विनोद कुठल्या पानावर फुटतो ते हेरून ठेवा. मजकूर म्हणतो 'हत्ती झाडामागे लपला' आणि चित्रात झाडाच्या दोन्ही बाजूंनी हत्ती बाहेर आलेला. इथे वाक्य म्हणा आणि गप्प बसा. कुणीतरी ओरडेलच, "ओ ताई, दिसतोय की!" ते तुम्ही सांगितलंत तर गंमत गेली.

मुख्याध्यापकांशी बोलणं आदल्या दिवशीच उरका. बऱ्याच शाळांत पुस्तकं असतात, कपाटात. फाटली तर साठा नोंदवहीत काय दाखवायचं, ही भीती असते आणि ती खोटीही नाही. तेव्हा स्पष्ट सांगा, ही पुस्तकं माझ्याकडून, नोंदवहीत चढवू नका, फाटली तर फाटली. हे बोलणं झालं नाही तर तुम्ही नेलेली पुस्तकंही संध्याकाळपर्यंत कुलपात जातील, आणि मग पटाच्या निम्मी काय नि दुप्पट काय.

पिशवीत सुतळी, कपड्यांचे चिमटे, चिकटपट्टी, एक वही. सुतळी खिडकीच्या गजांना बांधायची, मुलांच्या छातीच्या उंचीवर. तुमच्या नव्हे! पुस्तकं चिमट्यांनी अशी लावा की मुखपृष्ठावरचा प्राणी समोर दिसेल. पहिलीतलं मूल पुस्तक निवडतं ते चित्रावरून, नावावरून नाही.

बसवायचं अर्धगोलात. चाळीस असतील तर दोन गट करा, मागच्याला चित्र दिसलं नाही की तो शेजाऱ्याला चिमटे काढतो. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, पानं काळी दिसतात. आवाज काढा, लाजू नका.

गोष्ट संपली की "यातून काय शिकलात?" विचारायचं नाही. काहीच विचारायचं नाही. हसू ओसरायच्या आत पुस्तकं वाटा. भाषण, आभार, फोटो सगळं नंतर. आधी वाटा. तासातली शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठीच राखा आणि त्या वेळात तुम्ही वाचू नका. उलटं धरलं तर धरू दे, नुसती चित्रं बघितली तर बघू दे, एकाच पुस्तकावर तिघं पडली तर फार छान.

घरी न्यायची मुभा, वहीत नाव, पुढच्या आठवड्यात बदली. नावं दुसरीतली मुलं लिहितील, तुम्ही लिहू नका. पिना निघाल्या तर चिकटपट्टी. हरवलं तर ओरडा नाही. पाणी, खडू वगैरे शाळेत असतंच. आणि निघताना पिशवी रिकामी आहे ना, बघा.