% वापरून अट कशी लिहायची: आधी विचारा, कोणाला कोणी भागायचंय

काल संध्याकाळी भाची लॅपटॉप घेऊन आली, इथेच इंदूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणे मामा माझा सम-विषमचा प्रोग्राम 10 टाकलं तरी विषमच सांगतोय. बघितलं तर अट लिहिली होती 2 % न == 0 (% म्हणजे भागाकाराची बाकी, न म्हणजे टाकलेली संख्या, == म्हणजे बरोबर आहे का). म्हणजे उलटंच! 2 ला 10 ने भागलं तर भाग जातच नाही, बाकी 2 च्या 2. लहान संख्येला मोठीने भागलं की बाकी तीच लहान संख्या, हे एकदा पक्कं करा. पाहिजे होतं न % 2 == 0.

आणि % दिसला की टक्के आठवू नका, इथे त्याचा टक्केवारीशी काही संबंध नाही. आपल्या इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीची 56 दुकानं 12-12 च्या ओळीत मांडा, 4 ओळी भरतात, 48 झाली, उरली 8. तर 56 % 12 म्हणजे 8. ओळी किती झाल्या ते % सांगत नाही, उरलं किती तेवढंच सांगतो. बाकी 0 आली तर पूर्ण भाग गेला, बहुतेक अटी यावरच चालतात.

खरी गंमत लीप वर्षात आहे. सगळे आधी साल % 4 == 0 लिहितात आणि 2024 बरोबर आलं की खूश होतात, पण 1900 टाकून बघा, 4 ने भाग जातो तरी ते लीप नव्हतं, कारण 100 ने भाग जाणारं साल 400 नेही भाग गेला तरच लीप. 1900 % 400 म्हणजे 300, म्हणून ते बाद. 2000 % 400 म्हणजे 0, म्हणून ते लीप. पूर्ण अट अशी (|| म्हणजे किंवा, && म्हणजे आणि, != म्हणजे बरोबर नाही):

साल % 400 == 0 || (साल % 4 == 0 && साल % 100 != 0)

कंस ठेवाच, वाचणाऱ्याला बरं पडतं.

इफ-एल्सची साखळी असेल, 3 ने, 5 ने आणि दोन्हीने भाग जाणारे वेगळे काढायचे असतील, तर 15 ची, म्हणजे दोन्हीने भाग जाण्याची, अट सगळ्यात वर, नाहीतर 30 हा 3 वरच अडकतो, खाली पोचतच नाही.

विषमसाठी न % 2 == 1 लिहू नका, != 0 लिहा. जावा आणि सी मध्ये -7 % 2 चं उत्तर -1 येतं, पायथॉनमध्ये 1, != 0 दोन्हीकडे चालतं. आणि भागणारी संख्या युजरकडून घेत असाल तर ती 0 नाही ना हे आधी तपासा, न != 0 && 100 % न == 0, याच क्रमाने, कारण पहिली अट खोटी निघाली की दुसरी चालतच नाही आणि प्रोग्राम पडत नाही.