मुळांवर गाठी आहेत, तरी पीक पिवळं? या चुका टाळा

पहिली चूक रोप उपटण्याची. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला बांधून देतात. या गाठी हलक्याच चिकटलेल्या असतात. रोप ओढलं की त्या मातीत राहतात आणि आपण संवर्धकाला, म्हणजे बियाण्याला लावलेल्या या जिवाणूंच्या खताला, नावं ठेवतो. पेरणीनंतर चार-पाच आठवड्यांनी रोप मातीसकट खणून काढा आणि मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवा.

आता गाठी मोजत बसू नका, नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतोच. लेगहिमोग्लोबिन तो बेताबेताने पोचवतं. गाठ आतून पांढरी असेल तर ती अजून कोवळी तरी आहे किंवा आतले जिवाणू फुकट जेवतायत. हिरवट-तपकिरी गाठ म्हातारी झालेली. शेंगा भरताना तशी दिसली तर घाबरू नका.

सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांच्या गाठींनाही लोक फसतात. त्या म्हणजे मूळच फुगलेलं असतं, बोटाने सुटत नाहीत. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला असते आणि सहज निघते.

सगळ्यात महागात पडते ती युरियाची घाई. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे गाठी कामाला लागलेल्या नसतात, त्यामुळे पानं थोडी फिकट दिसू शकतात. तेवढ्यात युरिया टाकला की बिघडलंच. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला किमान 16 एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्च होतात आणि त्यासाठीची साखर रोपच पुरवतं. जमिनीत आयता नत्र मिळाला तर ते हा खर्च कशाला करेल? अगदी हलक्या जमिनीत पेरणीवेळी थोडा नत्र चालतो, भरपूर नाही.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, संवर्धक सर्वांत शेवटी. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकिटावर पिकाचं नाव वाचा: हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनवर गाठी करत नाहीत. 

एवढं करूनही गाठी नसतील तर जमीन तपासा. आम्ल जमिनीत जिवाणू तग धरत नाहीत आणि नत्र बांधायला लागणारं मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्यही कमी मिळतं. पाणी साचलं तर गाठी गुदमरतात. राजमा मात्र मुळातच नत्र बांधण्यात कच्चा. त्याला खत द्यावंच लागतं.