नवी बॅटरी बसवली, तरी गाडी सुरू होईना? दोष कुणाचा ते असं शोधा

कारची नवीकोरी बॅटरी खराब निघू शकते का? निघू शकते. आतल्या सहा सेलपैकी एखाद्याचा जोड कच्चा राहतो, प्लेटा एकमेकींना टेकून सेल शॉर्ट होतो, किंवा वाहतुकीत आदळून आत काहीतरी निखळतं. पण बिल हातात घेऊन दुकान गाठण्याआधी थोडं थांबा. पुष्कळदा बॅटरी धडधाकट असते आणि गाडीच तिला रात्रभर पीत असते. अशा वेळी बॅटरी बदलून आणली तरी आठवड्याने पुन्हा तेच.

सगळ्यात आधी बॅटरीच्या टर्मिनलवरची वायरीची पकड हाताने हलवून बघा. बोटांच्या जोराने फिरत असेल तर रोग तिथेच आहे. काही बॅटऱ्यांचे टर्मिनल बारीक असतात, काहींचे जाड. माप जुळलं नाही की घाईतला कारागीर फटीत पत्र्याची पट्टी कोंबतो आणि मोकळा होतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ मारला की नुसती टकटक.

मग बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. ती बहुतेकदा कोडमध्ये छापलेली असते आणि प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, म्हणून दुकानदाराकडूनच वाचून घ्या. साधी लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला साधारण 3 ते 5 टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. उतरलेल्या अवस्थेत ती फार दिवस राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि तो मग पूर्ण निघत नाही. सहा महिन्यांपेक्षा जुना माल मी तरी घेत नाही.

आता मल्टीमीटर काढा. साधा, स्वस्तातला चालेल. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी, डीसी 20 व्होल्टवर ठेवून मोजा. 12.6 किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. चार्जिंग करूनही आकडा 10.5 च्या आसपास अडकला असेल तर एक सेल गेला, कारण प्रत्येक सेल साधारण 2.1 व्होल्टचा असतो. बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर (चार्ज दाखवणाऱ्या काचेवर) विसंबू नका; तो एकाच सेलची खबर देतो.

आकडा नुसता कमी आला म्हणून बॅटरी दोषी ठरत नाही. खरा निवाडा पुढच्या परीक्षेत होतो, आणि नेमकी तीच लोक टाळतात. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. चार्जर काढल्यावर काही तास तशीच राहू द्या, म्हणजे व्होल्टेजचा वरवरचा फुगवटा उतरेल. मग व्होल्टेज लिहून ठेवा आणि तिला गाडीला न जोडता दोन रात्री बाजूला ठेवा. 12.7 वरून 12.6 झालं तर काही बिघडलं नाही. पण काहीही न जोडता ती 12.3 वर आली, तर दोष तिच्या पोटातच आहे. अलग ठेवल्यावर टिकते आणि गाडीत बसवल्यावर उतरते, तर चोर गाडीत आहे. (बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नका.)

सेल्फ मारतानाही एक आकडा बघण्यासारखा असतो. मीटर बॅटरीला लावून ठेवा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. पूर्ण भरलेली बॅटरी त्या क्षणी 9.6 च्या खाली कोसळत असेल तर तिच्यात दम नाही.

इंजिन सुरू झालं की व्होल्टेज 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा बेल्ट तपासा. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा मोजा. आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासणारा जुना उस्ताद भेटला, तर त्याला हात जोडा. त्या झटक्याने ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो.

उभ्या गाडीतली विजेची गळती मोजणं ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोडलेलं बरं. दारं बंद करून अर्ध्या तासाने ती 50 मिलिॲम्पिअरच्या आत हवी. माझ्या गाडीत नंतर बसवलेला डॅशकॅम 100 च्या वर खात होता. हिशोब सोपा आहे: 35 ॲम्पिअर-अवरची बॅटरी 100 मिलिॲम्पिअरने 350 तासांत, म्हणजे दोन आठवड्यांत रिकामी. गाडी त्याच्या कितीतरी आधी रुसते. मी मात्र तोवर बॅटरीवाल्याला दोनदा बोलून आलो होतो.

बॅटरीच सदोष ठरली तर बिल, तारीख आणि शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड आणि लिहिलेले आकडे घेऊन जा. दुकानदार बहुधा तिला एक-दोन दिवस चार्जिंगला लावतो. तेवढ्या काळापुरती दुसरी बॅटरी मागा. ‘आता ठीक आहे’ म्हणून तीच परत देऊ लागला, तर लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून ती किती टिकते ते बघणं) तुमच्यासमोर करायला सांगा. कार्डावर महिने दोन भागांत लिहिलेले असतील तर नीट वाचा: पहिल्या भागात मोफत बदली, दुसऱ्यात फक्त किमतीत सूट. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

बदलून मिळालेली बॅटरी गाडीत बसवण्याआधी तिथेच मीटर लावा. 12.5 च्या खाली दाखवत असेल तर दुसरी मागा.