आधी टीम नीट पाडा, मग सर्व्हिसेस (सॉफ्टवेअरचे स्वतंत्र भाग)

मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशीच सिस्टिम बनते, आणि त्याने दिलेलं उदाहरण तर भारीच आहे, ८ जणांना कोबॉल आणि अल्गोल या प्रोग्रामिंग भाषांचे दोन कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारे प्रोग्राम) करायचे होते, ५ जण कोबॉलवर बसवले आणि ३ अल्गोलवर, तर कोबॉलचा कंपायलर ५ टप्प्यांत चालणारा झाला आणि अल्गोलचा ३. म्हणून आर्किटेक्चरचा (सिस्टिमच्या रचनेचा) डायग्राम काढायच्या आधी टीम कशा पाडल्यात ते बघा.

सुरुवात गिट लॉगपासून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींपासून करा. कुठल्या फायली कायम एकत्र बदलतात ते काढा, आणि कुठली तिकिटं (नोंदवलेली कामं) दरवेळी दुसऱ्या टीमकडे अडकतात तेही. समजा फ्रंटएंड (स्क्रीनवर दिसणारा भाग), बॅकएंड (मागे सर्व्हरवर चालणारा भाग), डेटाबेस अशा तीन टीम आहेत, तर चेकआउटला साधं कूपन टाकायचं म्हटलं तरी तिघांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीत) जागा मिळेपर्यंत थांबा, मग बॅकएंडवाले वैतागून कूपन कोड एखाद्या जुन्या जेसन कॉलममध्ये (डेटाबेसमधला काहीही भरता येईल असा रकाना) कोंबतात आणि तो तिथेच राहतो. यात डेव्हलपरला बोल लावून काही उपयोग नाही.

आता उलट्या बाजूने या. जे आर्किटेक्चर हवंय तशा टीम पाडा: चेकआउटची एक, कॅटलॉगची एक, प्रत्येकीत यूआयपासून (स्क्रीनपासून) डेटाबेसपर्यंत सगळं करू शकणारी माणसं. टीम लहानच ठेवा, कारण ५ जणांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात आणि १० जणांत थेट ४५. डिप्लॉयमेंट (कोड सर्व्हरवर चढवणं), मॉनिटरिंग वगैरे सगळ्यांसाठीची साधनं सांभाळणाऱ्या प्लॅटफॉर्म टीमकडे द्या, पण ते बाकीच्यांना स्वतःचं स्वतः वापरता आलं पाहिजे, तिकीट टाकायला लागलं की परत पहिले पाढे पंचावन्न.

खरी अडचण येते ती शेअर्ड टेबलची. ऑर्डर्सच्या टेबलमध्ये दोन टीम लिहीत असतील तर कागदावर टीम वेगळ्या असून काय फायदा? मालक एकच ठरवा, दुसरीला एपीआय (थेट टेबलला हात न लावता कोडमधून काम सांगायची ठरलेली वाट) द्या, तिचा कोड त्यावर गेला की डेटाबेसमधली तिची राइट परमिशन खरोखर काढून घ्या, नुसतं ठरवून कोणी थांबत नाही. वाचायचा अॅक्सेस नंतर सावकाश काढला तरी चालेल.

आणि अप्रेझल! माणूस चेकआउट टीममध्ये बसवला पण रेटिंग अजून डेटाबेसचा मॅनेजरच देतोय, तर तो त्याचंच ऐकणार. रिपोर्टिंग लाइन त्याच वेळी बदलून घ्या.